जावयाचे पाच गोल

परदेशातला कुणी मोठा फुटबॉलपटू निवृत्त झाला की वर्तमानपत्रात हमखास एक लेख येतो. वीस वर्षं एकाच क्लबकडून खेळला, बाकीच्यांनी पायघड्या घातल्या तरी हलला नाही, वगैरे. असा लेख आला की मी तो चहाच्या वेळी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवतो आणि शेवटी सहज आठवल्यासारखं म्हणतो, "मीसुद्धा चौदा वर्षं एकाच मंडळाकडून खेळलो."

बायको म्हणते, "त्यांना दुसरीकडून बोलावणी येत होती. तुम्हाला कुठं येत होती?"

हे खरं नाही. मला एक बोलावणं आलं होतं. ते तिच्याच माहेरून आलं होतं आणि कशासाठी आलं होतं ते आम्हा दोघांनाही माहीत आहे. म्हणून मी वाद न वाढवता पेपराची घडी घालतो.

नव्वदच्या सुमाराला मी जुन्नरला कॉलेजात होतो. तेव्हा आमच्याकडे खेळ म्हणजे कुस्ती, कबड्डी आणि क्रिकेट. फुटबॉल खेळणारे सगळे मिळून आम्ही बाराजण होतो, आणि बारावा मी होतो. मंडळ उभं केलं होतं ते आमच्या कॅप्टननं. त्याचं पेठेत सायकलचं दुकान. लहानपणी पुण्याला कॅम्पात मामाकडे राहून तो हा खेळ शिकून आला आणि इथं येऊन त्यानं तो आमच्या गळ्यात मारला. सगळे त्याला भाई म्हणायचे.

मैदान म्हणजे गडाच्या बाजूचा एक माळ. त्याच्या डाव्या अंगाला सबंध लांबीभर बाभळी होत्या. चेंडू तिकडे गेला की पंक्चर, आणि आणायला गेलेला माणूसही जवळजवळ पंक्चर. त्यामुळे डाव्या बाजूला मागं, म्हणजे लेफ्ट बॅकला, कुणी उभं राहायला तयार नसे. मी पहिल्या दिवशी नवा होतो, मला बाभळीचं ठाऊक नव्हतं. मी तिथं उभा राहिलो आणि तिथंच राहिलो. माझ्या निष्ठेचा उगम हा असा आहे.

पंक्चर झालेलं चेंडूच्या आतलं ब्लॅडर भाई दुकानात नेऊन सायकलच्या सोल्यूशननं चिकटवायचा. त्याला इतकी ठिगळं झाली होती की सरळ मारलेला चेंडूही आपल्या मनानं वळायचा. माझ्या खेळातले बरेचसे दोष मी त्या ठिगळांवर ढकलत असे.

खरा एकनिष्ठ होता तो भाई. पुण्याच्या एका कंपनीच्या संघानं त्याला दोनदा बोलावलं होतं, नोकरीसकट. दोन्ही वेळा तो गेला नाही. का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाला, "मी गेल्यावर ब्लॅडर कोण चिकटवंल?" एवढ्यावर त्यानं विषय संपवला. एकवीस वर्षं तो या एका मंडळाकडून खेळला आणि एवढ्या वर्षांत त्यानं एकच गोष्ट मागितली. आंबेगाव तालुक्यात घोडेगावच्या अलीकडे एक गाव आहे, तिथं चैत्रातल्या जत्रेला सामने होत. गावातल्या एका रजेवर आलेल्या फौजीनं ते सुरू केले होते. जिंकणाऱ्याला लाकडाची, वर पितळी पत्रा ठोकलेली ढाल मिळे. ती ढाल भाईला एकदा, फक्त एकदा, दुकानात सीटकव्हरांच्या वरच्या खिळ्याला लावायची होती. तो खिळासुद्धा त्यानं मारून ठेवला होता. त्यावर एक सायकलची चेन लोंबत असे.

पुढं मी प्राथमिक शिक्षक झालो आणि तळेघरला नेमणूक झाली. मंडळात मला सगळे मास्तर म्हणायला लागले. तळेघरहून निघायला बस दोन, त्यातली एक यायची नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की भाताच्या खाचरांच्या कडेनं चालत सुटायचं, मिळेल तिथं एसटी पकडायची, घोडेगावला बदलायची आणि दिवेलागणीला जुन्नर गाठायचं. रविवारी सकाळी बाभळीत हजर. एवढी पायपीट मी कशासाठी करत होतो असं कुणी विचारलं तर मी 'खेळाची ओढ' असं उत्तर देत असे. खोलीवर एकट्यानं नाचणीची भाकरी थापायला कंटाळायचो, हेही एक होतं.

मग माझं लग्न झालं, आणि ते झालं नेमकं त्या ढालीच्या गावात.

लग्नानंतरच्या पहिल्याच जत्रेला भाईनं मला सांगितलं, "मास्तर, आज तू फॉरवर्ड." मी थक्क झालो. सात वर्षं बाभळीत काढलेल्या माणसाला एकदम पुढं! माझा आतला खेळाडू कुणीतरी ओळखला म्हणून मला भरून आलं. सामना सुरू झाला आणि खरोखरच चमत्कार झाला. चेंडू घेऊन मी धावलो की समोरचे गडी बाजूला होत. एक तर चक्क थांबून वाकला. गोलपोस्टमध्ये माझा धाकटा मेहुणा होता. तो उडी मारायचा, पण चेंडू गेल्यावर. त्या दिवशी मी दोन गोल केले. दुसऱ्या वर्षी एक, तिसऱ्या वर्षी पुन्हा दोन. तिन्ही वर्षी आम्ही तिथंच हरलो, कारण मी पुढं गेलो की मागची डावी बाजू उघडी पडे आणि तिथून ते माझ्यापेक्षा एक गोल जास्तच करून जात. पण त्याचं मला विशेष वाटत नसे. माझे पाच गोल झाले होते. तळेघरच्या शाळेत पोरांना गुणाकार शिकवताना उदाहरणात मी ते घालू लागलो.

सासूबाई प्रत्येक सामन्याला फक्कीच्या रेषेला पायाची बोटं लावून उभ्या असत. हातात पदराचं टोक, आणि सारखा एकच घोष, "पावणं! आरं पावणं!" मला वाटायचं, सासू असावी तर अशी.

चौथ्या वर्षी जत्रेच्या महिनाभर आधी मेहुणा मोटरसायकलवरून थेट तळेघरला माझ्या खोलीवर आला. बरोबर लाल रंगाचा नवा बनियन होता, पाठीवर दहा नंबर.

"दाजी," तो म्हणाला, "औंदा तुमी आमच्याकडनं खेळा."

मी त्या दहा नंबरकडे पाहिलं. अंगावर मूठभर मांस चढलं. मग मी खुर्ची सरळ केली आणि त्याला निष्ठा या विषयावर भाषण दिलं. ज्या मंडळानं घडवलं त्याला सोडायचं नसतं, माणसानं एका जागी मुळं धरावीत, आमचा कॅप्टन बघ. सुमारे वीस मिनिटं मी बोललो. तो बिचारा मान खाजवत ऐकत होता.

"तसं न्हाय दाजी... पण मंग आमाला बी कायतरी इचार करावा लागंल."

घाबरले, असं मी मनात म्हटलं.

शनिवारी जुन्नरला घरी आल्यावर मी ही हकिगत बायकोला सांगितली. ती भाजी चिरत होती. ती इतकी हसली की तिला विळी बाजूला सारावी लागली.

"अहो, आई रेषेवर उभी राहून काय ओरडते, ते तुम्ही नीट ऐकलंत का कधी?"

"पावणं, पावणं म्हणतात. प्रोत्साहन देतात."

"ती पोरांना दम देते! पावण्याच्या पायात पाय घातला तर घरी आल्यावर बघते म्हणते. निम्मा संघ माझे चुलतभाऊ आहेत. भर जत्रेत, सगळ्या गावासमोर जावयाला पाडतील का ते? आणि तुम्हाला त्यांनी बोलावलंय ते तुम्ही समोर नको म्हणून. तुम्ही त्यांच्यात असलात की मग त्यांना मोकळेपणी खेळता येईल."

जावई दहावा ग्रह असतो हे मी ऐकलं होतं. तो ग्रह फुटबॉलच्या मैदानावरून फिरतोय आणि बाकीचे त्याला वाट देतायत, हे मला तीन वर्षं कळलं नव्हतं.

सकाळी मैदानावर जायच्या आधी मी भाईच्या दुकानात गेलो. तो एका वाकड्या चाकाच्या तारा आवळत होता.

"भाई, खरं सांगायचं. फॉरवर्ड म्हणून मी कसा आहे?"

"कुठं? सासरी का बाकीकडं?"

त्यानं चाक फिरवून बघितलं.

"बाकीकडं तुला कधी फॉरवर्डला टाकलाय का मी?"

म्हणजे तोही त्यातलाच. मला राग आला, आणि राग आलेला दाखवायला तोंड नव्हतं. मग त्यानं चाक खाली ठेवलं आणि आपला गुडघा मला दाखवला. तो चांगला कवठाएवढा सुजला होता.

"मास्तर, ही माझी शेवटची जत्रा. पुढच्या साली मी पळू शकणार न्हाय. औंदा तू नुसता पुढं हुभा ऱ्हा. बाकी आमी बघतो. ती ढाल एकदा घरी येऊ दे."

मी हो म्हटलं. पाच गोल गेले तर गेले, भाईला ढाल मिळाली पाहिजे, असं मी स्वतःला बजावलं. हे मी अगदी मनापासून ठरवलं होतं, हे इथं नोंदवून ठेवतो.

जत्रेच्या दिवशी फायनलला आम्ही आणि सासरचा संघ. मैदानावर जाऊन उभा राहतो तो काय, त्यांच्या बचावात माझा मोठा साडू.

हा मढ गावचा. भात लावणीत चिखल तुडवून त्याच्या पिंडऱ्या खांबासारख्या झालेल्या. नावाजलेला कबड्डीपटू. फुटबॉलला त्यानं त्या दिवसापर्यंत पाय लावला नव्हता. पण मेहुण्यानं केलेला 'इचार' बिनतोड होता. जावयाच्या अंगाला हात कोण लावू शकतो? सासरा नाही, मेहुणा नाही, चुलतभाऊ तर नाहीतच. लावू शकतो तो फक्त दुसरा जावई. तोही थोरला, म्हणजे मानानं माझ्याहून वरचढ.

पहिल्या पाच मिनिटांत त्यानं मला तीनदा मातीत घातला. प्रत्येक वेळी हात देऊन उठवायचा आणि म्हणायचा, "लागलं न्हाय ना राव?" मी रेषेकडे बघितलं. सासूबाईंचं तोंड उघडं होतं, पण त्यातून शब्द फुटत नव्हता. एका जावयासाठी दुसऱ्या जावयाला कसं ओरडणार? जन्मात पहिल्यांदाच त्या सामना मुकाट बघत होत्या.

पण भाई त्या दिवशी जसा खेळला तसा मी त्याला कधी पाहिला नव्हता. एका पायावर जोर देऊन लंगडत तो सगळीकडे पोचत होता. मी पुढं अडकलेला, म्हणून डावी बाजूही त्यानंच सांभाळली. वेळ संपत आली तरी एकही गोल झाला नव्हता. मग शेवटी शेवटी माझ्याकडे चेंडू आला, मी गोलाजवळ पोचलो, आणि साडूच्या अंगातला कबड्डीपटू जागा झाला. त्यानं मला मागून कमरेत मिठी घातली, उचललं आणि तसंच धरून ठेवलं. त्याचा श्वास मला मानेवर जाणवत होता.

पंच म्हणून आलेल्या हायस्कूलच्या पीटीच्या सरांनी शिट्टी मारली. पेनल्टी.

पेनल्टी भाईच मारायचा. तो चेंडू घेऊन आला, ठेवला, आणि मागं सरकला.

"तू मार, मास्तर."

"मी? भाई, तुमची शेवटची—"

"मेहुणा हाय तुझा. तो हालणार न्हाय. मी मारला तर अडवंल. तू मार."

बरोबरच होतं. तिकडे सासूबाईंनाही वाचा फुटली होती. "आरं, दाजी मारत्यात! दमानं!" असं त्या पोराला ओरडत होत्या. समोर मेहुणा दोन्ही हात खाली सोडून उभा होता. हात जोडलेलेच नव्हते एवढंच. मी डोळे मिटून पायानं ढकलला असता तरी गोल होता. ढाल त्या खिळ्यावर गेली असती.

आणि नेमकं तेव्हा मला ते गुणाकाराचं उदाहरण आठवलं. पाच गोल, पाचही भेट मिळालेले, जावयाला दिवाळीला कपडे देतात तसे. सहावाही तसाच? आयुष्यात एक तरी माझा स्वतःचा असू नये? मी चेंडूजवळ न थांबता सरळ मेहुण्यापाशी गेलो आणि हळूच म्हणालो, "खरा अडव. तुला बहिणीची शपथ आहे."

त्याचा चेहरा पडला. पण शपथ ती शपथ. त्यानं हात वर केले.

मी धावत आलो आणि मारला. त्या फटक्याचं वर्णन करण्यासारखं फार नाही. सासूबाईंनीसुद्धा अडवला असता. मेहुण्यानं तो पोटाशी धरला, क्षणभर माझ्याकडे अपराध्यासारखं बघितलं आणि लांब मारला. चेंडू पडला तो आमच्या डाव्या बाजूला. तिथं लेफ्ट बॅकनं असायला हवं होतं. लेफ्ट बॅक इकडे गोलासमोर कमरेवर हात ठेवून उभा होता. भाई त्या गुडघ्यावर उलटा धावला. पोचला नाही. गोल झाला आणि पाठोपाठ शिट्टीही झाली.

भाईनं सगळ्यांशी हात मिळवले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे मास्तर. तुझा मेहुणाच खडूस निघाला."

मंडळ टेम्पोत बसून जुन्नरला निघालं आणि मला थांबावं लागलं, कारण जत्रेचं मटण खाल्ल्याशिवाय जावयाला कोण सोडतंय! मला आणि साडूला शेजारी शेजारी पाट मांडले. समोरच्या भिंतीवर, घड्याळाच्या खाली, ढाल. "घ्या पावणं, घ्या," म्हणून सासूबाई वाढत होत्या आणि मधूनमधून पोराला झोडपत होत्या. दाजीचा गोल अडवतोस, लाज वाटत न्हाय? तो खाली मान घालून जेवत होता. शपथेबद्दल त्यानं कुणालाच अवाक्षर सांगितलं नाही, आपल्या आईलाही नाही. मीही सांगितलं नाही. दोनदा रस्सा मागून घेतला.

त्यानंतर महिनाभर मी मैदानावर गेलो नाही. बस चुकली, परीक्षा आहेत, पाहुणे आलेत. मंडळात माझ्या मेहुण्याच्या नावानं शिव्या चालल्या होत्या, हे कानावर येत होतं. शेवटी एका शनिवारी उतरलो तो सरळ दुकानात गेलो. भाई एक ट्यूब पाण्याच्या पाटीत दाबून बुडबुडे बघत होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. काय बोललो, का बोललो, शपथ घातली तीही.

त्यानं मान वर केली नाही. मी वाट बघत होतो की तो म्हणेल, बरं केलंस, अशी ढाल काय कामाची. मोठी माणसं असं काहीतरी म्हणतात.

"मला ती ढाल लई पायजे व्हती, मास्तर," तो म्हणाला.

एवढंच. पाटीत एक बुडबुडा आला, त्यानं तिथं अंगठा ठेवला, ट्यूब पुसली, कानशीनं घासली, सोल्यूशन लावलं, फुंकलं आणि ठिगळ दाबून धरलं. खिळ्यावर चेन लोंबत होती. मला तिथून जाताही येईना आणि थांबताही येईना. माझ्या हातून जन्मात दुसरं काही इतकं वाईट झालेलं नाही, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

ठिगळावरचा अंगठा काढून तो म्हणाला, "उद्या येतो का?"

"येऊ?"

"लेफ्ट बॅकला कोण न्हाय."

"आणि फॉरवर्डला?"

"तिथं कोणतरी खेळणारा बघतो."

त्यानंतर मी आणखी चार वर्षं खेळलो. भाई खेळायचा थांबला, पण दर रविवारी ब्लॅडर चिकटवून आणायचा आणि शिट्टी घेऊन बसायचा. जत्रेची ढाल आमच्याकडे कधीच आली नाही. पुढं मोटारसायकली वाढल्या, दुकानात गिऱ्हाईक कमी झालं, तो खिळा तसाच राहिला. माझ्या निष्ठेचं लोक कौतुक करतात तेव्हा मी नको म्हणत नाही, पण ती निष्ठा नव्हती. त्या माणसाची ढाल माझ्यामुळे गेली होती आणि तरी त्यानं मला ये म्हटलं होतं. मग कुठं जाणार?

एका रविवारी असं झालं की आदल्या दिवशी तळेघरहून बसच सुटली नाही. सकाळी डिंभ्यापर्यंत चालत आलो, तिथून दुधाच्या गाडीनं घोडेगाव, पुढं एसटी. माळावर पोचलो तेव्हा पहिला डाव संपत आला होता, बाहेरगावचा संघ आमच्यावर चढून खेळत होता. मी पिशवी टाकली आणि बघितलं. आमचे दहाच जण मैदानावर होते. अकरावा, नवा आलेला गडी, बूट घालून भाईच्या शेजारी बसला होता. डावीकडची जागा रिकामी होती.

"ह्याला का नाही उतरवला?" मी धापा टाकत विचारलं.

"तुझी जागा हाय ती," भाई म्हणाला. "जा, बाभळीत गेलाय बॉल."